मोसंबीच्या शेंड्यापर्यंत विषाणू का पोहोचत नाही?

आजारी माणसाला भेटायला जाताना हातात मोसंबीची पिशवी असावी, हा आपल्याकडचा न लिहिलेला नियम आहे. तापातून उठलेल्याला रस, अशक्तपणा आलेल्याला रस, दवाखान्यातल्या खाटेशेजारच्या स्टुलावर चार मोसंब्या ठरलेल्या. पण रुग्णांसाठी फळ देणारे ते झाड स्वतःच आजारी असू शकते, आणि त्या आजारावर कोणत्याही कृषी सेवा केंद्रात औषध मिळत नाही, हे शहरातल्या वाचकाला सहसा ठाऊक नसते. घाबरण्याचे कारण नाही. झाडाचा विषाणू माणसाला लागत नाही. रस खुशाल प्यावा. प्रश्न आहे तो झाडाचा आणि ते लावणाऱ्याचा.

जालना जिल्ह्यात हा प्रश्न दारातला आहे. जालना, बदनापूर, अंबड, घनसावंगी या तालुक्यांत मोसंबीच्या बागा आहेत. २०१६ साली जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्याआधी २०१२-१३च्या दुष्काळाने याच बागांचे सरपण केले होते. टँकरने पाणी घालून झाडे जगवणारे शेतकरीही शेवटी हरले, उभ्या बागा तोडल्या गेल्या. पुन्हा पाऊस झाला, पुन्हा लागवड झाली. मोसंबी लावणे म्हणजे पाच वर्षांची उधारी असते. झाड चांगले फळावर यायला तेवढा काळ लागतो आणि तोवर नुसता खर्च. त्यामुळे रोप निवडताना चूक झाली तर ती कळायलाही पाच-सात वर्षे जातात.

ती चूक दिसते कशी? झाड एकदम मरत नाही. पाने बारीक आणि फिकट होतात, नवी पालवी कमी फुटते, फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. फळ लागते, पण लहान. पंधरा-वीस वर्षे चालायला हवी ती बाग दहाव्या वर्षीच थकलेली दिसते. शेतकऱ्याला विचारले तर तो पाणी कमी पडले म्हणेल, जमिनीत चुनखडी आहे म्हणेल, डिंक्या लागला म्हणेल. यातले काहीच खोटे नसते. मोसंबीच्या ऱ्हासाला एक कारण कधीच नसते, मुळे कुजवणाऱ्या बुरशीपासून अन्नद्रव्यांच्या कमतरतेपर्यंत सगळे त्यात असते. पण या यादीत विषाणूचे नाव क्वचितच येते, कारण तो साध्या डोळ्यांना दिसत नाही आणि बहुतेक वेळा झाडासोबतच शेतात आलेला असतो.

दुःख नावाचा रोग

लिंबूवर्गीय झाडांचा जगातला सर्वांत कुप्रसिद्ध विषाणू म्हणजे ट्रिस्टेझा. पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांत या शब्दाचा अर्थ दुःख. १९३०च्या दशकात अर्जेंटिना आणि ब्राझीलमध्ये संत्र्याची लाखो झाडे पाहता पाहता वाळली, तेव्हा तिथल्या लोकांनी रोगाला हे नाव दिले. रोग मावा या किडीमार्फत पसरतो, हे ब्राझीलमधल्या मेनेघिनी या शास्त्रज्ञाने १९४६ साली दाखवून दिले. स्पेनमध्ये तो १९५७ साली उघडकीस आला आणि पुढच्या काही दशकांत तिथली सुमारे ४ कोटी झाडे त्यात गेली.

या विषाणूचा आकार धाग्यासारखा आहे. लांबी सुमारे दोन हजार नॅनोमीटर, म्हणजे असे पाचशे धागे एकापुढे एक ठेवले तर एक मिलिमीटर भरेल. वनस्पतींच्या विषाणूंमध्ये हा चांगलाच लांब. तो राहतो फक्त रसवाहिन्यांत, पानांत तयार झालेले अन्न झाडभर पोहोचवणाऱ्या नळ्यांत. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे तीच कामाला येणार आहे.

आपल्याकडे तो दक्षिण अमेरिकेसारखा एकदम मारत का नाही? याचे उत्तर खुंटात आहे. तिकडची झाडे आंबट संत्र्याच्या खुंटावर बांधलेली होती आणि त्या जोडाला ट्रिस्टेझा सोसत नाही. आपल्याकडे मोसंबीचा डोळा भरला जातो तो जंबेरीवर किंवा रंगपूर लिंबावर. हे दोन्ही खुंट ट्रिस्टेझा बऱ्यापैकी सोसतात. हे आपले नशीब, आणि फसगतही. झाड विषाणू अंगात बाळगूनही हिरवेगार दिसते, आणि असे हिरवेगार, भरपूर फळ देणारे झाडच मातृवृक्ष म्हणून निवडले जाते. त्याच्या एकेका काडीवरून कित्येक डोळे निघतात. एका झाडाचा विषाणू एका हंगामात शेकडो रोपांत जातो, त्याला माव्याचीही गरज लागत नाही. चाकू आणि कलमाची पट्टी पुरते.

लिंबूवर्गीय झाडांचा दुसरा मोठा शत्रू, ग्रीनिंग, हा विषाणू नसून जिवाणू आहे, पण त्याचाही मुक्काम रसवाहिन्यांतच असतो आणि तोही डोळ्यांबरोबर प्रवास करतो. सिट्रस सायला ही कीड तो पसरवते, हे भारतात दाखवून देणारे कपूर, राव आणि विश्वनाथ यांचे काम १९६७ साली प्रसिद्ध झाले, आणि ते पुण्यात झालेले होते.

‘न्यूसेलर’ या शब्दात काय आहे?

मराठवाड्यात कोणत्याही मोसंबी रोपवाटिकेत गेलात की एक शब्द हमखास कानावर पडतो. “दादा, न्यूसेलर आहे. डोळे झाकून घेऊन जा.” न्यूसेलर हे आता वाणाचे नाव झाले आहे. पण तो शब्द आला विषाणूशी चाललेल्या जुन्या लढाईतून.

मोसंबीची एक बी पेरली तर त्यातून अनेकदा दोन-तीन रोपे उगवतात. त्यातले एक परागीकरणातून आलेले असू शकते. बाकीची आईच्याच पेशींतून, बीजांडाच्या आतल्या भागातून तयार होतात. या भागाला बीजांडकाय म्हणतात, इंग्रजीत न्यूसेलस. त्यावरून ही रोपे न्यूसेलर. ती गुणांनी हुबेहूब आईसारखी असतात, आणि मुख्य म्हणजे आई विषाणूग्रस्त असली तरी ती सहसा स्वच्छ निघतात, कारण बीजांडाच्या त्या भागाशी रसवाहिन्यांची थेट जोडणी नसते. रस्ताच नाही तर विषाणू जाणार कसा?

मग सगळ्यांनी बियांपासूनच रोपे का करू नयेत? कारण बियांपासूनच्या झाडाला बालपण पुन्हा पहिल्यापासून काढावे लागते. ते काटेरी, उंच, आडदांड वाढते आणि फळावर यायला कलमापेक्षा कितीतरी जास्त वर्षे घेते. त्याचे डोळे पुन्हा पुन्हा कलम करत गेल्यावर हा अल्लडपणा कमी होतो, पण त्यात बराच काळ जातो. आणि त्या काळात ते झाड उघड्या शेतात उभे असेल तर मावा येतोच. आज बाजारात न्यूसेलर म्हणून मिळणाऱ्या रोपाचे पूर्वज कधी काळी स्वच्छ होते, एवढेच त्या नावावरून कळते. डोळा काल ज्या झाडावरून काढला, त्या झाडाची तपासणी कधी झाली, हे नाव सांगत नाही. माझ्या मते मोसंबी उत्पादकाची सर्वांत जास्त दिशाभूल याच एका शब्दाने होते, आणि तीही कोणी मुद्दाम न करता.

खसखशीच्या दहाव्या भागाइतका तुकडा

बालपणाची अडचण टाळून विषाणू काढायचा तर मोठ्या झाडाचाच एखादा स्वच्छ भाग शोधायला हवा. तो भाग शेंड्याच्या अगदी टोकाला सापडला.

मोसंबीची कोवळी फूट हातात घ्या. वरची पाने एकेक करून काढत गेलात तर शेवटी डोळ्याला जेमतेम दिसणारा एक ठिपका उरतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो चकचकीत घुमटासारखा दिसतो. ही शाळेच्या पुस्तकातली प्ररोह विभाजी ऊती. झाडाचे प्रत्येक पान, फांदी आणि फूल याच घुमटातल्या पेशींच्या विभाजनातून पुढे येते. घुमटात रसवाहिन्या नसतात. त्या खाली, पेशी जरा मोठ्या झाल्यावर तयार होतात. म्हणजे झाडभर विषाणू असला तरी घुमटापर्यंतची शेवटची वाट अजून बांधलेलीच नसते. ट्रिस्टेझासारख्या रसवाहिन्यांतच राहणाऱ्या विषाणूसाठी हे एक कारण जवळपास पुरेसे आहे. गंमत अशी की मावा रस शोषतो तोही याच कोवळ्या फुटीवर, या घुमटाच्या थोडासा खाली.

टोकाकडे विषाणू कमी होत जातो, याचा सुगावा अमेरिकी शास्त्रज्ञ फिलिप व्हाइट यांना १९३४ साली टोमॅटोच्या मुळांवर काम करताना लागला. १९५२ साली फ्रान्समध्ये जॉर्ज मोरेल आणि क्लोद मार्तां यांनी विषाणूग्रस्त डेलियाचे शेंडे प्रयोगशाळेत वाढवून निरोगी रोपे मिळवली. पुढे बटाट्याचे आणि अनेक फुलझाडांचे बेणे याच मार्गाने स्वच्छ झाले. लिंबूवर्गीय झाडे मात्र हट्टी निघाली. त्यांचा एवढासा घुमट पोषक माध्यमावर ठेवला तर त्याला मुळेच फुटेनात. तेव्हा कॅलिफोर्नियातील तोशिओ मुराशिगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली वेगळाच विचार केला: मुळे फुटत नसतील तर उसनी द्यावीत. शेंड्याचेच कलम करायचे. १९७५ साली लुईस नवारो, चेस्टर रोइस्टाकर आणि मुराशिगे यांनी ही पद्धत घासूनपुसून वापरण्याजोगी केली. नवारो नंतर स्पेनला परतले आणि ट्रिस्टेझाने उद्ध्वस्त झालेल्या तिथल्या बागा याच पद्धतीने मिळवलेल्या स्वच्छ डोळ्यांवर पुन्हा उभ्या राहिल्या.

कलम बांधणाऱ्या कोणालाही ही कृती ओळखीची वाटेल, फक्त माप वेगळे. खुंटाच्या बीची साल काढून ती निर्जंतुक नळीत, अंधारात साधारण दोन आठवडे उगवू देतात. रोप लांबट, पांढुरके होते. त्याचा माथा कापायचा, बीजपत्रे काढायची, आणि वरच्या टोकाशी उलट्या टी आकाराचा छेद द्यायचा. दुसरीकडे चांगल्या झाडाच्या कोवळ्या फुटीतून घुमट आणि त्याला चिकटलेले दोन-तीन पानांचे अंकुर कापून घ्यायचे. हा तुकडा ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा असतो. खसखशीचा दाणा दहा भागांत वाटला तर एक भाग, तेवढा. तो पात्याच्या टोकावर उचलून छेदात बसवायचा. पट्टी नाही, दोरा नाही. हवा लागून काही क्षणांत वाळू शकतो, म्हणून हात चपळ हवा. नळी पोषक द्रवात ठेवली की महिना-दीड महिन्यात दोन-चार पाने दिसतात. शंभरातली तीस ते पन्नास कलमे लागली तर काम चांगले झाले म्हणतात. आपले कलम बांधणारे कारागीर शंभरातली नव्वद लावतात, तेव्हा ही संख्या त्यांना हसण्यासारखी वाटेल. पण इथे एक लागले तरी पुरते, कारण पुढे त्याच एका रोपावरून डोळे घ्यायचे असतात. मोठ्या झाडाचा शेंडा असल्याने काटे आणि बालपण या दोन्हींतून सुटका होते.

इथे एक ओढाताण आहे. तुकडा मोठा घेतला तर तो जगतो, पण त्यासोबत रसवाहिन्यांची सुरुवात येते आणि विषाणूही. लहान घेतला तर स्वच्छ निघतो, पण मरतो. अर्ध्या मिलिमीटरच्या आत हा सगळा हिशेब असतो. म्हणूनच “टिश्यू कल्चरचे रोप म्हणजे व्हायरसमुक्त रोप” ही समजूत चुकीची आहे. केळीचा कंद घेऊन त्याचा मोठा शेंडा प्रयोगशाळेत वाढवला तर एकाची हजार रोपे होतात, आणि मातृरोपात विषाणू असेल तर तोही हजारपट होऊ शकतो. मातृरोपांची तपासणी झाली असेल तरच त्या रोपाला अर्थ. आणि रोप स्वच्छ असले तरी शेतात गेल्यावर त्याला कवच नसते. जळगाव जिल्ह्यातले केळी उत्पादक ज्याला हरण्या म्हणतात, तो कुकुंबर मोझॅक विषाणूचा रोग टिश्यू कल्चरच्या बागांतही येतो. मावा आजूबाजूच्या पिकांवरून आणि तणांवरून तो घेऊन येतो.

याच कुकुंबर मोझॅक विषाणूने शेंड्याचे कोडे थोडे अधिक उलगडले. रसवाहिन्या नसणे हे कारण सगळ्या विषाणूंना लागू पडत नाही. काही विषाणू पेशीतून शेजारच्या पेशीत बारीक छिद्रांतून सरकतात, त्यांना नळीची गरज नसते. तरीही घुमटाच्या मध्यभागी ते क्वचितच दिसतात. चीनमधल्या शास्त्रज्ञांनी २०२० साली ‘सायन्स’ या नियतकालिकात याचे एक कारण मांडले. घुमटातल्या मूळ पेशी टिकवून ठेवणारे वुशेल नावाचे एक प्रथिन आहे. जर्मन भाषेत या शब्दाला विस्कटलेल्या केसांचा अर्थ आहे. ज्या रोपांत हे प्रथिन बिघडते ती तशीच अस्ताव्यस्त वाढतात. हेच प्रथिन विषाणूलाही अडवते, असे त्यांना दिसले. विषाणूला स्वतःची प्रथिने बनवायला झाडाच्या पेशीतले रायबोसोम, म्हणजे प्रथिनांचे कारखाने, वापरावे लागतात. वुशेल त्या कारखान्यांच्या जडणघडणीला लागणारी काही विकरे कमी करते. यंत्रच मंद चालले की विषाणूचा माल निघत नाही. शिवाय विषाणूचा आरएनए ओळखून त्याचे तुकडे करण्याची झाडांची स्वतःची व्यवस्था असते, तीही शेंड्याला राखायला मदत करते. माणसासारख्या पांढऱ्या पेशी झाडाला नाहीत. ते उद्याची पाने आणि फुले जिथून येणार ती जागा तेवढी जिवापाड राखते.

जाळीच्या आत आणि बाहेर

नळीतले कलम लागले म्हणजे काम संपत नाही. ते खरोखर स्वच्छ आहे का, हे तपासावे लागते. यासाठी एक जुनी युक्ती आहे: त्या रोपाचा तुकडा कागदी लिंबाच्या रोपावर बांधायचा. कागदी लिंबू ट्रिस्टेझाला फार हळवे. विषाणू असेल तर त्याच्या कोवळ्या पानाच्या शिरा उजेडात धरल्यावर तुटक तुटक पारदर्शक दिसतात. करोनाकाळात घराघरांत पोहोचलेली पीसीआर चाचणी आता झाडांसाठीही वापरतात आणि निकाल महिन्यांऐवजी दिवसांत मिळतो. तपासलेले रोप मग कीडरोधक जाळीच्या घरात, दोन दारांआड ठेवायचे. दोन दारे एवढ्यासाठी की एक उघडताना दुसरे बंद असावे. मावा माणसाच्या कपड्यांवरूनही आत येतो.

महाराष्ट्रात लिंबूवर्गीय फळांवरचे हे काम नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत चालते. जालना जिल्ह्यात बदनापूरला परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे मोसंबी संशोधन केंद्र आहे, तर खरपुडीला कृषी विज्ञान केंद्र. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये १,७६५ कोटी रुपयांची ‘क्लीन प्लांट’ योजना मंजूर केली. तिच्यात देशभर नऊ केंद्रे उभारायची आहेत. त्यांतली तीन महाराष्ट्रात आहेत, द्राक्षासाठी पुणे, डाळिंबासाठी सोलापूर आणि लिंबूवर्गीय फळांसाठी नागपूर. योजनेचे मर्म हेच आहे की स्वच्छ मातृझाडे सरकारने सांभाळायची आणि त्यांचे डोळे रोपवाटिकांनी न्यायचे.

रोप शेतात लावल्यावर मावा त्याच्यावर बसू शकतो आणि काही वर्षांत त्यालाही विषाणू लागू शकतो, हे आधीच मान्य केलेले बरे. स्वच्छ रोप म्हणजे लस टोचलेले रोप नव्हे. फरक सुरुवातीचा आहे. बालपणीच विषाणू अंगात असलेले झाड वाढीत मागे पडते. मोठे होऊन, छाटा भरून, मुळे खोल गेल्यावर लागण झालेले झाड अजून बरीच वर्षे चांगले फळ देऊन जाते. मोसंबीच्या बागेचे अर्थशास्त्र त्या मधल्या वर्षांवरच उभे असते. फवारणीने विषाणू मरत नाही. ‘व्हायरसवर जालीम’ असे लिहिलेली बाटली कोणी पुढे केली तर ते पैसे शेणखताला वापरावेत. कीटकनाशक फक्त माव्याला मारते, तेही वेळेवर, नवी पालवी फुटत असताना मारले तर.

मग रोपवाटिकेत काय विचारायचे? दर आणि वाण तर सगळेच विचारतात. डोळे कुठल्या झाडावरचे, ती झाडे जाळीत आहेत की बांधावर, त्यांची शेवटची चाचणी कधी झाली आणि कागद दाखवाल का, हे विचारावे. खुंट रंगपूर की जंबेरी, हेही. डोळा जमिनीपासून वीतभर वर आहे ना, एवढे तर पाहूनच कळते. तो खाली असेल तर मातीतून डिंक्या चढतो. महाराष्ट्रात फळ रोपवाटिकांसाठी १९६९ सालापासून कायदा आहे. परवाना घेतलेल्या रोपवाटिकेने खुंट आणि डोळे कुठून आणले याची नोंद ठेवणे अपेक्षित आहे. ती वही मागितली तर नर्सरीवाला पहिल्यांदा चकित होईल, कदाचित चिडेलही. दहाजणांनी मागितली की ठेवू लागेल.

एका रोपामागे दहा-वीस रुपये वाचवण्यासाठी हा सगळा खटाटोप टाळला जातो, हे समजण्यासारखे आहे. एकरी दीड-दोनशे रोपे लागतात, आणि लागवडीच्या वेळी हातात पैसा कमीच असतो. पण वाचलेली रक्कम आणि पुढच्या पंधरा वर्षांची फळे यांची तुलना एकदा कागदावर करून पाहावी.

नागपूरच्या एखाद्या नळीत आज बसवलेला शेंडा दीड महिन्याने पाने काढेल. मग तो मोठ्या खुंटावर चढेल, तपासला जाईल, जाळीत मातृझाड होईल. त्याच्या काड्या वाढवायला आणखी दोन-तीन वर्षे, रोप तयार व्हायला दीड-एक वर्ष, आणि जालन्याच्या जमिनीत पाच वर्षे. त्याची पहिली मोसंबी कोणाच्या तरी खाटेशेजारच्या स्टुलावर ठेवली जाईल, तोवर आठ-दहा वर्षे उलटलेली असतील.